आपली हजेरी कोण घेतो?

मधुमेह, रक्तदाब, दमा, संधिवात, हृदयविकार अशा जन्माची सोबत करणाऱ्या आजारांत पथ्य काय पाळावे, गोळ्या कशा घ्याव्यात, तपासण्या कधी कराव्यात हे आपण वाचतो, ऐकतो. पण असा आजार असलेला माणूस घरात एकटाच राहत असेल, तर त्याने आधार कुठे शोधायचा? हा प्रश्न आम्ही डॉक्टर मंडळी सहसा विचारत नाही. मीही विचारत नव्हतो. मला तो एका गुरुजींनी शिकवला.

गुरुजी निवृत्त प्राथमिक शिक्षक. पत्नी वारलेली, मुलगी सासरी, मुलगा पुण्याकडे नोकरीला. नऊ वर्षे ते माझ्याकडे मधुमेहासाठी येत होते. तारीख कधी चुकवली नाही. गोळ्यांची रिकामी पाकिटेसुद्धा पिशवीत घालून दाखवायला आणत. माझ्या मते ते माझे सर्वांत शहाणे रुग्ण होते.

एका पावसाळ्यात त्यांना जुलाब लागले. दिवसभर पोटात अन्न नाही. पण ‘गोळी चुकवायची नाही’ हे माझे वाक्य त्यांनी पाळले आणि साखरेची गोळी घेतली. रात्री साखर उतरली. सकाळी गवळी आला, तेव्हा दारात दुधाचे भांडे ठेवलेले नव्हते. कडी आतून. हाकेला ओ नाही. गवळ्याने शेजाऱ्यांना उठवले, एका मुलाला मागच्या भिंतीवरून आत उतरवले. माझ्याकडे आणले तेव्हा गुरुजी बेशुद्ध होते आणि साखर होती ३८. शिरेतून ग्लुकोज दिले, मोठ्या दवाखान्यात दोन दिवस ठेवावे लागले. ते वाचले.

त्या रात्री मी त्यांचा केसपेपर काढून बसलो. नऊ वर्षांचे साखरेचे आकडे, वजन, रक्तदाब, सगळे नीट लिहिलेले. पण घरी कोण असते, शेजारी कोण राहते, मुलाचा फोन नंबर काय, यातले एक अक्षर नव्हते. पोटात अन्न नसेल त्या दिवशी गोळीचे काय करायचे, हेही मी त्यांना कधी समजावून सांगितले नव्हते. चूक माझी होती.

बरे झाल्यावर गुरुजी म्हणाले, “डॉक्टरसाहेब, चौतीस वर्षं पोरांची हजेरी घेतली. एखादं पोरगं आलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जायचो. आता माझी हजेरी घेणारं कुणीच नाही, हे त्या दिवशी कळलं.”

दीर्घ आजार घेऊन एकटे राहणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला हाच प्रश्न विचारावा. आज रात्री मला काही झाले, तर ते कोणाच्या लक्षात येईल, आणि किती तासांत? उत्तर ‘एक दिवसाच्या आत’ असे येत नसेल, तर पुढील मजकूर आपल्यासाठी आहे.

एकटे कोण?

एकटे म्हटले की आपल्यापुढे म्हातारे माणूस येते. आपल्या जिल्ह्यात तसे पुष्कळ आहेत. गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या भागांतील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे उरते ती आजी, एखादी शेळी आणि कुलूप लावलेल्या घरांची गल्ली. शहरांत मुले पुण्या-मुंबईला आणि आईवडील इथे, हेही नित्याचेच.

परंतु तरुणही एकटे असतात. कृषी विद्यापीठामुळे आणि महाविद्यालयांमुळे परभणीत खोली करून राहणारी मुले खूप. त्यांतला एक माझ्याकडे येतो. लहानपणापासूनचा मधुमेह, रोज इन्सुलिन. खोलीतल्या सोबत्यांना कळू नये म्हणून तो बाथरूममध्ये जाऊन सुई टोचत असे. चार जणांच्या खोलीत राहूनही तो एकटाच होता. साखर उतरून तो बरळू लागला असता, तर सोबत्यांना वाटले असते की पिऊन आला.

एकटेपणाने केवळ मन खचते असे नाही, शरीरही खचते. २०१० साली १४८ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट होते, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे पन्नास टक्क्यांनी अधिक आढळली.

यामागे काही गूढ नाही. घरात दुसरे माणूस असले की स्वयंपाक होतो. एकट्या माणसाचे काय होते? ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील एक मावशी मला म्हणाल्या, “मपल्या एकटीसाठी कुठं चूल पेटवावी, सायेब?” मग चहा आणि बिस्किटे, नाहीतर शिळ्या भाकरीचा तुकडा. गोळी संपली तर तालुक्याहून आणून देणारे कोणी नाही, म्हणून ती ‘लेक आल्यावर बघू’ म्हणून थांबते. पायावर सूज आली, बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, तर ते सांगणारे समोर कोणी नसते. आजार तोच, पण एकट्याच्या घरात तो बिनबोभाट वाढतो.

एक माणूस नव्हे, पाच कामे

बहुतेक रुग्ण म्हणतात, “डॉक्टर, आमचं बघणारं कुणी नाही.” खरे आहे. सगळे बघणारे एक माणूस मिळणे अवघडच असते. परंतु एकेक लहान काम करणारी चार-पाच माणसे जवळपास मिळू शकतात. ‘माझ्याकडे लक्ष ठेवा’ असे म्हटले की समोरचा ‘हो हो’ म्हणतो आणि विसरतो. ‘रोज सकाळी सातला माझे दार उघडे आहे का तेवढे बघा’ असे म्हटले की तो करतो, कारण काय करायचे हे त्याला कळते.

हे मी क्षयरोगाच्या कार्यक्रमातून शिकलो. १९९७ साली देशात सुधारित क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा मी नवाच डॉक्टर होतो. त्यात रुग्णाने गोळ्या कोणाच्या तरी समोर गिळायच्या असत. हा माणूस डॉक्टरच हवा असे नव्हते. अंगणवाडी सेविका, किराणा दुकानदार, निवृत्त शिक्षक, कोणीही चाले. त्याला आजाराची सगळी माहिती नसे. गोळी पोटात गेली का, एवढेच तो पाही. त्या एका साध्या कामाने उपचार अर्ध्यावर सोडणारे कितीतरी रुग्ण टिकले. मग रक्तदाब-मधुमेहाच्या एकट्या रुग्णाला असा सोबती का असू नये?

पाच कामे अशी वाटून द्यावीत.

पहिले काम : रोजची हजेरी. गवळी, पेपर टाकणारा मुलगा, समोरचा दुकानदार, देवळातली हरिपाठाची मंडळी, यांपैकी कोणीतरी रोज एकदा आपल्याला पाहिलेच पाहिजे. परगावच्या मुलाला रोज सकाळी सातला मिस्ड कॉल द्यावा. पैसा लागत नाही. मात्र एवढ्यावर थांबू नका. आठपर्यंत मिस्ड कॉल आला नाही तर मुलाने शेजारच्या कोणाला फोन करायचा, हे आधीच ठरलेले असावे. पुण्याच्या मुलाला नुसती काळजी करून काय उपयोग? गल्लीतला एक नंबर त्याच्याकडे हवा.

दुसरे काम : गोळ्या. एका शेजारच्या मुलाला किंवा मुलीला आठवड्यातून एकदा, रविवारी, गोळ्या सात डब्यांत किंवा सात पुड्यांत भरून द्यायला सांगावे. वाचता येत नसेल तर सकाळच्या पुडीवर सूर्य आणि रात्रीच्या पुडीवर चंद्र काढावा. पुड्या संपण्याआधी आठ दिवस नवीन गोळ्या आणाव्यात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी फ्रीज नसेल तर चालू बाटली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, ओल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघड्या फळीवर ठेवलेले इन्सुलिन खराब होते.

तिसरे काम : किल्ली आणि धावपळ. घराची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे असावी. रात्री आतून अशी कडी लावू नये की बाहेरून कोणालाच उघडता येऊ नये. बाहेरच्या किल्लीने उघडणारे कुलूप बसवून घ्यावे. गुरुजींच्या घरी भिंतीवरून चढणारा मुलगा मिळाला, प्रत्येकाला मिळेल असे नाही. याच शेजाऱ्याला १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर पाठ असावा. छातीत दुखून घाम येणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात गळून जाणे, बोलणे अडखळणे, दम लागून झोपता न येणे, यांपैकी काहीही दिसले तर ‘सकाळी बघू’ म्हणू नये. लकव्याचा झटका आला तर पहिल्या साडेचार तासांतच देता येणारे औषध असते. तो वेळ विचारपूस करण्यात जाऊ नये.

चौथे काम : दवाखान्याची सोबत. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तपासणीला येताना कोणीतरी बरोबर असावे. डॉक्टरने सांगितलेले अर्धे दारातच विसरले जाते, दुसऱ्याच्या कानांनी ते राहते. एसटीत ७५ वर्षांवरील प्रवाशांना २०२२ पासून मोफत आणि स्त्रियांना २०२३ पासून अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. तेव्हा भाड्यासाठी तपासणी टाळू नये.

पाचवे काम : बोलणे. आजाराविषयी मोकळेपणी बोलता येईल असे एक माणूस हवे. ते त्याच आजाराचे असेल तर फारच उत्तम. पुण्यात पार्किन्सन्सच्या रुग्णांचे मित्रमंडळ आहे. रुग्ण आणि घरची माणसे एकत्र जमतात, अनुभव सांगतात. आपल्या गावात असे मंडळ नसेल, तर दवाखान्याच्या बाकावर रोज भेटणारे दोघेजण मिळूनही ते होते. ज्येष्ठ नागरिक संघ, बचत गट, भजनी मंडळ हीदेखील अशीच ठिकाणे आहेत. जिथे एक दिवस गेलो नाही तर दुसऱ्या दिवशी ‘काल का आला नाहीत?’ असे विचारले जाते, ते ठिकाण आपले.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले, “चारपैकी एकाला सांग. फक्त एकाला.” त्याने सांगितले. आता त्या सोबत्याला ठाऊक आहे की याला घाम सुटला, हात कापू लागले, हा बरळू लागला, तर शुद्धीत असताना तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायला द्यायची. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यायची आणि नंतर काहीतरी खायला लावायचे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, १०८ ला फोन करायचा. एवढ्या माहितीने त्या खोलीत तो आता एकटा उरला नाही.

‘कुणाचे उपकार नकोत’

सर्वांत मोठा अडसर इथेच असतो. आयुष्यभर ताठ मानेने जगलेल्या माणसाला मागणे जड जाते. ‘लोक काय म्हणतील’, ‘लेकाला कशाला ताप’, ‘शेजाऱ्याला त्याचे कमी आहे का’, ही वाक्ये मी रोज ऐकतो.

गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. जनाबाईला दळू लागायला साक्षात विठ्ठल आला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या कथेत विठ्ठलाने तिला सोन्याचा वाडा दिला नाही. जात्याचा खुंटा धरला. मदत ही अशीच असते, दुसऱ्या बाजूने खुंटा धरण्याएवढी. ती घेण्यात जनाबाईला कमीपणा वाटला नाही, तर आपल्याला का वाटावा?

शिवाय घेणाऱ्याने द्यावेही. वर सांगितलेल्या मावशी आता शेजारणीची दोन लहान मुले दुपारभर सांभाळतात. शेजारीण शेतातून आली की मावशींच्या पुड्या पाहते आणि कधी गरम भाकरी देते. कोणी कोणावर उपकार केले, हे दोघींनाही सांगता येणार नाही.

केरळात याहून मोठा प्रयोग झाला. १९९३ साली कोझिकोड येथे दुर्धर आजाराच्या रुग्णांची वेदना कमी करण्याचे काम सुरू झाले. पुढे मलप्पुरम आणि आसपासच्या भागांत गल्लीतल्या साध्या माणसांना थोडे शिक्षण देऊन हे काम त्यांच्याकडे सोपवले गेले. अंथरुणावरच्या रुग्णाकडे आठवड्यातून ठरल्या दिवशी जाणारे हे शेजारीपाजारीच होते.

सरकार दरबारी काय मिळते?

माणसांबरोबर काही सोयीही ठाऊक असाव्यात. गावच्या आशाताईंना आपण एकटे राहतो आणि आपल्याला अमुक आजार आहे हे मुद्दाम सांगून ठेवावे. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब-साखर तपासून मिळते, गोळ्या मोफत मिळतात. सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयातील उपचारांचे कार्ड काढता येते. निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान आणि ६५ वर्षांवरील गरजूंसाठी श्रावणबाळ योजना आहे. त्यांची रक्कम २०२३ मध्ये वाढवून दरमहा दीड हजार करण्यात आली. अटी आणि अर्जासाठी तहसील कार्यालयात विचारावे. बँकेत जाणे होत नसेल तर पोस्टमन घरी येऊन आधारच्या अंगठ्यावर खात्यातील पैसे काढून देऊ शकतो.

मुले सांभाळत नसतील तर २००७ च्या कायद्यान्वये आईवडिलांना उपविभागीय अधिकाऱ्यांकडे निर्वाह खर्च मागता येतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत दूरध्वनी सेवा सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते.

आणखी एक नंबर लिहून ठेवावा, १४४१६. झोप उडाली, जेवावेसे वाटत नाही, ‘आता जगून काय करायचे’ असे विचार येतात, हे म्हातारपणाचे लक्षण नव्हे. तो उदासीनतेचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. या नंबरवर दिवसा-रात्री केव्हाही बोलता येते, आपल्या भाषेत.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

एकट्या माणसाचा आधार शोधताना ठकही भेटतात. किल्ली विश्वासू शेजाऱ्याला द्यावी, पण एटीएमचा आकडा, पासबुक, कोऱ्या कागदावरची सही कोणालाही देऊ नये. ‘साखर मुळापासून घालवतो, गोळ्या बंद करा’ म्हणणारा गोड बोलून रोज चौकशी करील, त्याला दारातूनच नमस्कार करावा.

दुसरी गोष्ट, जी मी गुरुजींना सांगायला चुकलो. जुलाब, उलट्या, ताप किंवा उपवास यांमुळे जेवण होणार नसेल, त्या दिवशी साखरेची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र ते मनाने बंद करू नये. त्यांनीही आधी विचारावे.

भिंतीवरचा कागद

आज एक काम करा. वहीचे एक पान घ्या. त्यावर मोठ्या अक्षरांत आपले नाव, आजार, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी आहे ते, डॉक्टरांचा, मुलाचा आणि शेजाऱ्याचा नंबर, आणि खाली १०८ लिहा. ते दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. आपण बोलू शकलो नाही तर तो कागद आपल्या वतीने बोलेल. गोळ्या बदलल्या की कागदही बदला.

माझ्या केसपेपरवर आता एक रकाना वाढला आहे, ‘घरी कोण असते?’ उत्तर ‘कोणी नाही’ असे आले की मी पुढचा प्रश्न विचारतो, “मग हजेरी कोण घेतो?”

आणि ज्यांना कोणताही आजार नाही अशा वाचकांनीही आपल्या गल्लीत एकदा नजर टाकावी. कोणाच्या घरी संध्याकाळी एकच दिवा लागतो, हे आपल्याला ठाऊक असते. त्या दाराशी रोज दोन मिनिटे थांबायला वैद्यकीय पदवी लागत नाही. गुरुजींना वाचवणारा तो गवळी चौथी शिकलेला होता.

गुरुजी त्यानंतर पुष्कळ वर्षे त्याच घरात एकटे राहिले. सकाळी फिरायला जाताना ते गल्लीतल्या आणखी दोन एकट्या माणसांच्या दारावर काठीने टकटक करीत. आतून ‘हजर’ असा आवाज आला की पुढे जात.